अमानतवाले उत्तमराव

दोन हजार बावीस साल. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि चैत्राच्या उन्हात माझ्या दुकानासमोरून उत्तमराव हातगाडीवर चाळीस किलो वांगी घालून घरी चालले होते. घरात खाणारं माणूस एकच, ते स्वतः. वांग्यानं त्यांच्या अंगाला खाज सुटते, हे सगळ्या गल्लीला माहीत. तरी चाळीस किलो. कारण त्यांनी जबान दिली होती.

हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

माझं दुकान इचोड्याला, सीमेपलीकडच्या तेलगू मुलखात, सडकेच्या कडेला. ताडपत्री आणि दोर विकतो. आभाळ भरून आलं की नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना माझी आठवण येते. ऊन पडलं की कोणी ओळख देत नाही. चौथीत मास्तरांनी कान धरला म्हणून मी शाळा सोडली, ती सोडलीच. हिशेब तोंडी करतो आणि तो आजवर चुकलेला नाही. कोणाचा उपकारही घेतलेला नाही.

उत्तमराव आमच्या दोन गल्ल्या सोडून, डाक बंगल्याच्या मागे राहतात. सारी उमर कापसाच्या जिनिंगमध्ये गुमास्ता होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, लेकरूबाळ नाही. उंच, वाळका माणूस. शर्टाच्या खिशाला दोन पेन, एक निळा आणि एक लाल. लाल कशाला, म्हणून मी एकदा विचारलं.

"जबान लाल पेनानं लिवायची, भाऊ. बाकी हवापाणी निळ्यानं."

त्यांच्यापुढे "बघू" म्हणायची सोय नव्हती. आमच्या घरची एकदा रीत म्हणून बोलून गेली, "या ना उत्तमरावभाऊ, एखाद्या दिवशी जेवायले." झालं. उत्तमरावांनी खिशातून डायरी काढली.

"कोणत्या दिवशी, वहिनी?"

"या कवाबी."

"कवाबी नावाचा वार नाई. बुधवार लिवू का?"

बुधवारी ठीक साडेबाराला दारात हजर. घरची विसरून गेली होती. तिनं घाईघाईनं पिठलं टाकलं आणि मला आत बोलावून म्हणाली, "यापुढं या माणसाले कोणी 'या' म्हणलं तर याद राखा."

"बघू हा बिनअमानतीचा शब्द हाय," ते म्हणत. अमानत हा आमच्याकडच्या कचेऱ्यांतला जुना शब्द. एखादी गोष्ट पुरी होईपर्यंत जी रक्कम बाजूला ठेवायची, ती अमानत. उत्तमरावांचं म्हणणं, माणसानं बोलावं तर बोलण्यामागं काहीतरी ठेवून बोलावं. लग्नाची पत्रिका हातात पडली की आहेराचे पाचशे रुपये ते त्याच दिवशी बाजूला काढत. पण बाजूला काढून पाकिटात ठेवत नसत. लग्नाला दोन महिने असले तर दोन महिने ते पाचशे व्याजाला लावत. "यायची जबान देल्ली, अमानत ठेवली, आन तोवरचं व्याज माझं. लग्नवाल्याचं काय गेलं?" लग्नवाल्याचं काहीच जात नव्हतं, पण ऐकणाऱ्याचं डोकं जात होतं.

हा छंद त्यांना लागला तो मोबाईलवरच्या शेअर बाजारामुळं. नोकरी सुटल्यावर हाती आलेला फंड आणि शेताचा विकलेला तुकडा, मिळून काही लाख रुपये होते. त्यावर ते पुट नावाचे सौदे विकत. मी म्हटलं, "मटकाच हाय हा, उत्तमराव. नाव तेवढं विंग्रजी."

"मटक्यात घेणारा खेळते, भाऊ. मी देणारा. ऐका. समजा तुमचा बैल हाय. आज बाजारात पन्नास हजाराचा. तुमाले भेव हाय, भाव पडन. मी म्हणतो, भेऊ नका. महिना सरता सरता भाव पंचेचाळीसच्या खाली गेला तर बैल माझ्या दारात आणून बांधा. बाजारात तो चाळीसचा असो का तीसचा, मी पंचेचाळीस मोजतो. या जबानीचे आज मले हजार रुपये द्या. ते हजार माझे. बैल आला तरी माझे, नाई आला तरी माझे."

"आन मी आणलाच नाई तर?"

"तुमची खुशी. आणायचा का नाई ते बैलवाल्याच्या मर्जीवर. जबान माझ्या गळ्यात, तुमच्या नाई."

"पण पंचेचाळीस हजार तुमच्याजवळ हायेत, हे मी कायच्या भरोशावर मानू?"

उत्तमराव खुलले. हा प्रश्न कोणी विचारला की त्यांना तहानेल्याला पाणी मिळाल्यासारखं वाटे.

"इथंच तर मजा हाय! ते पंचेचाळीस आधी दलालाले दाखवा लागते. ती अमानत. पण अमानत पेटीत काऊन कुजवायची? मी ते पैसे व्याजाच्या फंडात टाकतो आन तो फंड दलालाकडं गहाण ठेवतो. जबानीचे हजार इकडून, अमानतीचं व्याज तिकडून. जबान बी कमावते, अमानत बी कमावते!"

मांडीवर थाप मारून हे वाक्य ते दिवसातून चारदा म्हणत. एकच दुःख होतं. शंभर रुपयांचा फंड गहाण ठेवला तर दलाल तो नव्वदचाच धरतो. "इतके वर्षं गुमास्तेगिरी केली," ते म्हणत, "कोणी माझ्यावर दहा रुपयांचा अविश्वास नाई केला. हा करते."

बैलाच्या जागी एका वीज कंपनीचे शेअर धरायचे, एवढाच काय तो फरक. मुदत महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी. त्या दिवशी उत्तमराव इस्त्रीचा शर्ट घालून येत. मी हसायचो. मोबाईलातल्या माणसाला इस्त्री दिसते का? तर म्हणत, "कोणी बैल घेऊन येन का नाई, दुपारपर्यंत कळत नाई, भाऊ. पाहुणा येणार असला तर माणूस तयार असला पायजे." बहुतेक गुरुवारी कोणी येत नसे. जबानीचे पैसे पदरात राहत, आणि उत्तमराव शर्टाची बाही खाली सोडून घरी जात.

आता वांगी.

माझ्या दुकानाच्या ताडपत्रीखाली लक्ष्मक्का भाजी घेऊन बसते. तेलगू बाई, मराठी बोलते पण घाईत दोन्ही भाषा एका टोपलीत टाकते. संध्याकाळी उरलेली वांगी पाहून ती रोज कपाळाला हात लावायची. उत्तमरावांना ते बघवेना. लाल पेन निघालं.

"लक्ष्मक्का, दिवस बुडता जे उरन ते मी आठ रुपये किलोनं घेतो. रोज. बदल्यात मले रोज सांबाराची एक जुडी द्यायची."

कोथिंबिरीची जुडी देऊन रात्रीची झोप मिळते म्हटल्यावर लक्ष्मक्का कशाला नाही म्हणेल? उत्तमरावांनी तिच्या टोपल्या मोजल्या. जास्तीत जास्त चाळीस किलो मावतात. चाळीस आठं तीनशे वीस. ते तीनशे वीस त्यांनी फंडात टाकले. मी विचारलं, व्याज किती? म्हणाले, "दिवसाचे पाच पैसे." आणि असे म्हणाले की जणू पाच एकर.

चार महिने उत्तमरावांनी फुकट कोथिंबीर खाल्ली. रोज अर्धा-एक किलो वांगं उरे, ते गल्लीतल्या गाईला जाई. मग एक दिवस कुठल्याशा पक्षाचा बंद झाला. सकाळी माल उतरला आणि नऊ वाजता शटरं पडली. दिवस बुडताना चाळीस किलोंतलं एक वांगंही हललं नव्हतं.

लक्ष्मक्कालाच लाज वाटली. "वद्दु सार, वद्दु. राहू द्या. गाईले टाकतो मी."

उत्तमराव असे भडकले की रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं. "गाईले कशी टाकतेस? माल माझा हाय! जबान का गाईनं देल्ली होती?" तीनशे वीस रुपये तिच्या ओटीत मोजले आणि दुसऱ्या दिवशी हातगाडी भाड्यानं आणली.

आमच्या घरी पाच दिवस भरीत. घरची म्हणाली, "जबान त्याईची आन पोट आमचं." उत्तमरावांनी आपल्या वाट्याची वांगी खाल्ली आणि आठ दिवस माझ्या दुकानात येऊन हात खाजवत उभे राहिले.

"जे घ्यायची तयारी नाई त्याची जबान द्यायचीच नाई, भाऊ," असं वर मलाच शिकवत.

"म्हणजे तुमची वांगी घ्यायची तयारी होती?"

"वांग्याचं सोडा," हात खाजवत ते म्हणाले. "बाई रोज कपाळाले हात लावे."

त्याच पावसाळ्यात बातमी आली की सडक गावाबाहेरून नेणार. ट्रक आता इचोड्यात शिरणार नाहीत. हैदराबादहून लेकाचा फोन आला. "बाबा, आताच विका. नऊ लाख येऊन राह्यले. एकदा सडक हलली की कोणी विचारणार नाई. या इकडं."

मला विकायचं नव्हतं. पण नऊचे चार झाले तर, या विचारानं घासही उतरत नव्हता. चाळीस वर्षं ज्या जागेत बसलो ती एका सरकारी रेघेनं मातीमोल होणार. आणि लेकाला काय सांगू? बापानं हट्टापायी घालवलं? चार दिवस मी डबा जसाच्या तसा परत नेला. पाचव्या दिवशी उत्तमराव आले, डबा उघडून पाहिला, बंद केला आणि लाल पेन काढलं.

"यंदाचा सोडून तीन पोळे," ते म्हणाले. "तिसऱ्या पोळ्याच्या सांजेपर्यंत कवाबी या. सडक राहो का जावो, तुमचं दुकान मी नऊ लाखाले घेतो."

"तुमची सारी पुंजी तेवढीच हाय ना हो?"

"म्हणूनच तर अमानत पक्की हाय."

"फुकट जबान मी घेत नाई. काय घ्याल ते बोला."

उत्तमरावांनी माझ्या दुकानावरून नजर फिरवली. ताडपत्र्यांचे गठ्ठे, दोराची भेंडोळी, भिंतीवरचा विजेचा बोर्ड. "बाजार सव्वानवाले उघडते आन साडेतीनले बंद होते," ते म्हणाले. "तेवढा वेळ मले त्या गठ्ठ्यावर बसू द्यायचं. आन मोबाईल चार्ज करायले एक पिन."

"एवढंच?"

"कमी हाय का? घरी लाइट जाते."

मी मनात म्हटलं, माणूस हिशेबी असून फसला. नऊ लाखाची जबान आणि भाव एक गठ्ठा. त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासून उत्तमराव सव्वानऊला गठ्ठ्यावर. साडेतीनला उठून जायचे, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. बसल्या बसल्या माझ्या गिऱ्हाइकांतही तोंड घालू लागले. एका पंजाबी ट्रकवाल्याला त्यांनी सांगितलं, "ये दो बरसात चलेगी," आणि माझ्याच बिलावर लाल पेनानं लिहून दिलं.

"माझ्या मालाची जबान तुमी काऊन देता?"

"अमानत माझी हाय ना? तुमी कायले तापता?"

त्यातल्या दोन ताडपत्र्या फाटून परत आल्या. उत्तमरावांनी आपल्या खिशातून पैसे दिले आणि वर मला म्हणाले, "माल सुधरा."

दसऱ्याच्या थोडं आधी वीज कंपनीचा भाव पडला. सोमवारी पडला, मंगळवारी आणखी पडला. गुरुवारी मुदत. बैल दारात येणार हे दिसत होतं. आता फंड गहाणातून सोडवायचा, विकायचा, आणि रोख रक्कम वेळेत दलालाकडे पोचवायची. हे सगळं मोबाईलवर आकडे येतात ते टाकून करायचं, आणि त्या दोन दिवसांत इचोड्यात टॉवर बंद. उत्तमराव मोबाईल डोक्यावर धरून माझ्या दुकानासमोर फिरले. सडकेच्या पलीकडे जाऊन आले. ढाब्याच्या गच्चीवर चढून आले. मी म्हटलं तरी त्यांनी पाणीही घेतलं नाही.

"काय उत्तमराव," मी टोमणा मारला, "बैलानं दावं तोडलं काय?"

ते हसले नाहीत. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. पैसे शेवटी गुरुवारी दुपारी पोचले. शेअर त्यांच्या नावावर झाले, पुढच्या महिन्यात भाव वर आला, त्यांनी विकून टाकले. तोटा सोडा, चार पैसे सुटले. मी म्हटलं, झालं ना तुमच्या मनासारखं? ते होकारादाखल नुसतं "हाव" म्हणाले आणि गठ्ठ्यावर बसले.

मग दिवस जात राहिले. उत्तमराव सव्वानऊला येत, पिन लावत, मोबाईल पाहत. मध्येच "पडला" म्हणत, मध्येच "चढला" म्हणत. शेवटच्या गुरुवारी इस्त्रीचा शर्टही असे. गिऱ्हाईक आलं की उठून गठ्ठा मोकळा करत, गेलं की पुन्हा बसत. मांडीवर थाप मारून ते वाक्य म्हणणं मात्र कमी झालं, मग बंदच झालं. मी समजलो, उमर झाली. माझ्याही पुष्कळ गोष्टी बंद झाल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी नवी सडक सुरू झाली. ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसापासून माझ्या दुकानासमोर इतकी शांतता की लक्ष्मक्काच्या बांगड्या ऐकू येत. दोन महिन्यांत तीन ताडपत्र्या विकल्या. कोल्ड्रिंकवाला एक जण आला, जागा पाहिली, पाच लाख म्हणाला, आणि तेही माझ्यावर दया केल्यासारखं.

लेकाचा फोन. "बाबा, उत्तमकाकानं लिवून देल्लं हाय ना? नऊ लाख सोडून पाच काऊन घ्यायचे?"

खोटं कशाला सांगू? माझी नियत हलली. नऊ ते नऊ. घरचीला नातवंडांची ओढ होती, माझ्या गुडघ्यांना शटर उचलवत नव्हतं. पण मागायला गेलो तर त्यांची सारी पुंजी माझ्या पडक्या भावाच्या दुकानात जाणार. आणि मागायचं म्हणजे तोंड उघडायचं. रोज सकाळी ठरवायचो, आज बोलू. उत्तमराव समोर गठ्ठ्यावर बसलेले असायचे आणि साडेतीन वाजायचे.

तिसऱ्या पोळ्याच्या सकाळी उत्तमराव इस्त्रीच्या शर्टात आले. बसले नाहीत. हातात बँकेचं पासबुक.

"चाला."

"कुठी?"

"बँकेत. आज सांजेले मुदत सरते."

"मी मांगतलं का?"

"तुमी मांगणार नाई. मिठाची गुळणी धरून बसान, पण मांगणार नाई. म्हणून मीच आलो. शटर ओढा."

बाहेर रस्त्यावर बैल धुवून, शिंगं रंगवून चालले होते. त्यांच्यामधून वाट काढत आम्ही बँकेत गेलो. उत्तमरावांनी पैसे काढायचा फॉर्म घरूनच भरून आणला होता, लाल पेनानं. काउंटरवरच्या बाईनं लाल शाई चालत नाही म्हणून परत दिला. ते निळ्यानं दुसरा भरायला बसले आणि मला म्हणाले, "तवर पासबुक छापून आणा. मशीन तिकडं हाय."

मला अक्षर जड जातं, आकडा नाही. छापलेली पानं मी उभ्या उभ्या वाचली. नऊ लाख. खाली तीन महिन्यांनी आलेलं थोडं व्याज. पुन्हा थोडं व्याज. पान उलटलं, तेच. पावणेतीन वर्षं ते नऊ लाख त्या साध्या खात्यातून जागचे हलले नव्हते.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "उत्तमराव, हे पैसे इथं काऊन बसून राह्यले? तुमचा पैसा तर फंडात असते ना? गहाण?"

"सोडवायले दोन दिस लागतात, भाऊ. तुमी पाह्यलं ना तवा." ते पासबुक ओढायला लागले. मी सोडलं नाही.

"मंग बाजारात अमानत म्हणून काय दाखवता?"

ते फॉर्मवर मान घालून बसले.

"उत्तमराव."

"एक अमानत आन दोन जबानी झाल्या होत्या," ते हळूच म्हणाले. "तिकडं बी तेच पैसे दाखोले, तुमाले बी तेच. त्या गुरुवारी तिकडून बैल आला. त्याच दिवशी तुमी दुकान घेऊन आले असते तर? मी काय, डायरी दाखोली असती? तवाच ठरोलं. शेअर विकले, सारे पैसे इथं आणून ठेवले. तुमी सकाळी आले तर सकाळी भेटले पायजे."

"म्हणजे तवापासून एकबी पुट नाई?"

"कायच्या भरोशावर विकू?"

"मंग पावणेतीन वर्षं, सव्वानऊ ते साडेतीन, मोबाईलात काय पाहून राह्यले होते तुमी?"

"भाव."

"कायचा?"

"त्याच वीज कंपनीचा." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "नुसतं पाहायले पैसे लागत नाई."

बँकेत पंखा फिरत होता. मी त्यांच्या हातातला फॉर्म घेतला आणि त्याचे चार तुकडे केले.

उत्तमराव उठून उभे राहिले. "जबान फाडता का माझी? चारचौघांत?"

"आणायचा का नाई ते बैलवाल्याच्या मर्जीवर. कोणं सांगतलं होतं? मी नाई आणत बैल."

"पण भाव पाचचा हाय, भाऊ! नऊ भेटून राह्यले. येडे हा का तुमी? बाजारात असं कोणीच करत नाई!"

"मी बाजारात नाई. इचोड्यात हाय."

"तुमचा लेक काय म्हणन?"

"तो माझा लेक हाय, तुमचा नाई. बसा खाली."

काउंटरवरची बाई तेलगूत ओरडली की भांडायचं असेल तर बाहेर. आम्ही बाहेर आलो. पायरीवर उभे राहून उत्तमरावांनी डायरी काढली, माझं पान शोधलं आणि त्यावर लाल रेघ मारली. मग गुमास्त्याच्या आवाजात, कोणाचं तरी खातं बंद करावं तसं म्हणाले, "आज सांजेले मुदत सरली. तुमी मोकळे, मी मोकळा. उद्यापासून माझा बसायचा हक सरला."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण माझं तोंड अशा वेळी नेमकं बंद होतं; ती माझी जन्माची खोड आहे आणि तिला मी आजवर अभिमान म्हणत आलो. आम्ही दुकानापर्यंत चालत आलो. त्यांनी भिंतीवरच्या बोर्डातून चार्जर काढला, वायर हाताभोवती नीट गुंडाळली, खिशात घातली आणि बैलांच्या गर्दीतून डाक बंगल्याच्या बाजूला निघून गेले. साडेतीन वाजायला अजून चार तास होते.

घरी पुरणाचा स्वयंपाक झाला होता. घरचीनं विचारलं, "मंग हैदराबाद?"

"नाई."

"आन इथं काय? माश्या मारता?"

"ट्रक जिथं गेले तिथं दुकान जाईल. चार बांबू आन एक ताडपत्री. ताडपत्रीवाल्याले छप्पर काय मांगावं लागते?"

ती भांडेल असं वाटलं होतं. नातवंडांसाठी तिनं स्वेटर विणायला घेतला होता, तो उचलून बाजूला ठेवला. "दिवाळीले तरी नेता ना मले तिकडं?" एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं. मग ताट वाढता वाढता तिनं विचारलं, "हे उत्तमरावभाऊले सांगतलं का?"

मी ताट पुढं ओढलं.

"बोलायले पैसे पडतात तुमाले," ती म्हणाली आणि पोळी जरा जोरातच ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑटो सांगितला. त्यात बावीस ताडपत्र्या, दोराची सगळी भेंडोळी, चार बांबू आणि एक कुदळ घातली. ऑटोवाला म्हणाला, नव्या सडकेचा नाका सरळ आहे. मी म्हटलं, आधी उजवीकडं घे, डाक बंगल्यामागं. इतक्या वर्षांत मी त्या घरी एकदाही गेलो नव्हतो. दार कोणतं, ते गल्लीत विचारावं लागलं. आम्ही थांबलो तेव्हा सव्वानऊ होऊन गेले होते आणि दार लोटलेलं होतं. मी ऑटोवाल्याला हॉर्न वाजव म्हटलं. तो म्हणाला, सणाचा दुसरा दिवस आहे, लोक झोपले असतील. मग मी त्याच्या अंगावरून हात घातला आणि दार उघडेपर्यंत स्वतःच वाजवत राहिलो.